दाराशी राहिलेलं वाक्य

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. परवा माझी शस्त्रक्रिया आहे. अक्षर हललं आहे ते भीतीने. डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. भिंतींचा रंग तिने खुशाल बदलावा. त्यावरून तिचे टोमणे मी पुष्कळ ऐकले.

२. थोरल्या भावाला फक्त लाकडी स्टूल. आई महिनोन्‌महिने खोलीबाहेर येत नसे, तेव्हा दादा म्हणायचा, "नाटकं आहेत सगळी." मी तिच्या बंद दाराबाहेर त्या स्टुलावर अभ्यास करायचे. एकदा आतून आवाज आला, "आहेस का गं?" मी म्हटलं, "आहे." पदव्या नंतर घेतल्या, हे काम मी तिथे शिकले. दादाने त्यावर एकदा बसून पाहावं.

३. दवाखान्यातल्या दोन्ही खुर्च्या माझ्या सहकारी मैत्रिणीला. भिंतीवरचं घड्याळ फेकून द्यावं.

४. माझ्याकडे येणाऱ्यांच्या नोंदींच्या वह्या मैत्रिणीने न वाचता जाळाव्यात.

५. अपवाद: निळ्या वहीचं शेवटचं पान. ते शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावं. त्यांची मुलगी, मी तिला चिमणी म्हणायचे, आईशी भांडून वसतिगृहात राहायची, दर मंगळवारी माझ्याकडे यायची. एकदा वेळ संपल्यावर, कडीवर हात ठेवून म्हणाली, "आईकडे परत जावंसं वाटतंय. घेईल का ती?" बाहेर पुढचा माणूस बसला होता. मी घड्याळ पाहिलं. "पुढच्या मंगळवारी इथूनच सुरू करू," म्हणाले. रविवारी तिने जीव दिला. तिचं ते दाराशी बोललेलं वाक्य त्या पानावर आहे.

चार वर्षं तिची आई विचारते आहे, "बाई, माझ्यावर रागावूनच गेली का हो ती?" मी गुप्ततेचा नियम सांगते. नियम खरा आहे. त्याच्या आड मी लपले, हेही खरं.

काल हे कलम मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, "अगं, तू गेल्यावर पान मिळालं तर ती बाई भांडणार कोणाशी? कागदाशी?"

सबब कलम ५ खोडले आहे. बाजूला सही केली आहे. ते पान घेऊन आज मी स्वतः जाते. त्या बोलतील तितका वेळ बसेन.

साक्षीदार: १. शेजारचे निवृत्त ग्रंथपाल (सही)
२. माझ्या डॉक्टर (सही)

स्थळ: दवाखाना
वार: मंगळवार, दिनांक ९
(सही)