आमच्या घराचा पार, दुपारी तीन ते चार

८ जुलै १९८७, बुधवार
गोवा राज्य झाल्याचा पहिला प्रत्यक्ष फायदा आज मला मिळाला. 'गोवा, दमण आणि दीव' छापलेली ऑफिसातली रजिस्टरे रद्द झाली. हेडक्लार्क म्हणाले, रद्दीत टाका. त्यातले एक कोरे मी घरी आणले. रोजनिशी लिहायची, आणि विषय एकच ठेवायचा. संगीत. अख्ख्या पेडणे तालुक्यात कान असलेला माणूस मी एकटाच आहे, याची कुठेतरी नोंद हवी.

१० जुलै
माझी आवड स्पष्ट आहे. विलंबित ख्याल. तोही वेळेच्या रागातला. सकाळचा राग संध्याकाळी कानावर पडला तर मला जेवण जात नाही. नाट्यसंगीत म्हणजे साखरेत बुडवलेले गाणे. भजनाला तर मी गाणे म्हणतच नाही, तो झांजा वाजवण्याचा व्यायाम. वत्सला म्हणते, विलंबित सुरू झाले की तुम्ही घोरता. मी डोळे मिटून ऐकतो, हे तिला लग्नाच्या बारा वर्षांत कळलेले नाही. ती भांडण कोंकणीत करते आणि जिंकते. मी इथे मराठीत जिंकतो.

१३ जुलै, संध्याकाळ
देवळाच्या कमिटीचे बाबाजी येऊन गेले. रविवार, २ ऑगस्टला सप्ताह. नाव सप्ताह असले तरी आमच्या कोरगावच्या वाड्यावर तो एकच दिवस-रात्र चालतो. रविवारी दुपारी बारा ते सोमवारी दुपारी बारा, अखंड भजन. चोवीस घरांना एकेक तास वाटून दिलेला. त्या पाळीला पार म्हणतात. आमच्या घराचा पार दुपारी तीन ते चार. एक्केचाळीस वर्षे तो बाबांनी एकट्याने सांभाळला. तेच चार अभंग, त्याच क्रमाने.
यंदा बाबांची छाती भरते. डॉक्टरांनी गाणे बंद सांगितले आहे. घर पार करू शकले नाही तर तो दुसऱ्या घराला जातो, आणि पोस्टमन मधुकर सहा वर्षे टपून बसला आहे. बाबाजी अवघडून तेच सांगायला आले होते. मी म्हटले, मी गातो. बाबाजींनी बाबांना दोनदा विचारले, खरेंच? बाबांनी एकदा कौलांकडे पाहिले. मग म्हणाले, "घराचो पार घरांत रांवूं दी."
याला मी संमती समजतो. रात्री झोप लागेलसे वाटत नाही. केवढी संधी! एक्केचाळीस वर्षांनी या देवळात संगीत होणार.

१६ जुलै, पहाटे ५.२०
रियाज सुरू. खर्जातला सा लावून धरला. चार मिनिटांनी आतल्या खोलीतून बाबांनी विचारले, "खंय दुखता रे?"
संकल्प : उद्यापासून गोठ्याजवळ.

१७ जुलै
पाऊस. गोठ्याजवळ चिखल. सुट्टी.

१८ जुलै, शनिवार
ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कायतान बसतो. चर्चच्या कॉयरात गातो. मी त्याला ख्यालाची एक कॅसेट दिली होती, तिच्या बदल्यात आज त्याने ऑपेराची दिली. त्याच्या मामाने लिस्बनहून पाठवलेली. म्हणाला, ऐक आणि कसे वाटते ते सांग. राजभाषेवरून आमच्या ऑफिसात सहा महिने दोन गट आहेत. चहासुद्धा वेगवेगळा मागवतात. पण संगीताला भाषा नसते. मी त्याला सांगितले, सोमवारपर्यंत अभिप्राय देतो.

२१ जुलै
अभिप्राय दिला नाही. कॅसेट आज ऐकली. पहिल्या बाजूला एक बाई. सतत वरच्या सप्तकात. तिथेच राहायला गेलेली. राग नाही, वेळ नाही. मी बंद करणार होतो, पण बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, ही बाई मरायला टेकली आहे, पण श्वास कुठे घेते बघ. "कळूंक दिना." मग मला ती जागा तीनदा मागे घेऊन लावायला सांगितली. बाबा बिचारे श्वासात अडकले. अर्थात, छातीचा आजार.

२२ जुलै, संध्याकाळी ७
मी आज जे ऐकले ते लगेच लिहून ठेवतो आहे. दुसरी बाजू. एक पुरुष गातो. चढत जातो, चढत जातो, मागे सगळी वाद्ये उसळलेली, आणि ऐन टोकावर तो थांबतो. वाद्येही थांबतात. पूर्ण शांतता. मी मोजले, अकरा सेकंद. मग एकदम तो वरचा सूर.
पाच वेळा ऐकले. दर वेळी अकरा.
युरोप काय नि ग्वाल्हेर काय, थोर गाणे विरामात असते. सूर कोणीही लावेल. थांबायला छाती लागते.

२४ जुलै
ठरले. तीनच्या सुमाराचा राग, म्हणून भीमपलास. विलंबित. चढत जायचे, हात वर करायचा, आणि अकरा सेकंद विराम. मग तार षड्ज. कायतानला सांगितले. तो म्हणाला, त्यांच्या कॉयरात मध्येच कोणी थांबला तर मास्तर पुस्तक फेकून मारतात. घरचे सोने हे असे असते, घरच्याला दिसत नाही.
तार षड्ज अजून लागत नाही. त्याच्या अलीकडचा लागतो.

२७ जुलै
श्रावण लागला. गळ्यासाठी मासे सोडायचे मी चौदा तारखेलाच ठरवले होते, ते आता सगळ्या घराने सोडले. त्यागाचे श्रेय गेले.
बाबाजी रस्त्यात भेटले. नियम पुन्हा बजावले. देवापुढे नारळ ठेवला की दुसऱ्या दिवशी तो उचलेपर्यंत आवाज मोडता कामा नये. गाणाऱ्याला खोकला आला तर बाजूच्याने गजर उचलायचा. मोडला तर सप्ताह मोडला, आणि ज्या घराच्या पारात मोडला त्या घराकडे पुन्हा पार नाही. मी त्यांना समजावले की विराम हे मोडणे नव्हे, तो गाण्याचाच भाग. ते म्हणाले, "तें तुमच्या ऑफिसांत."

३० जुलै
रियाजाचा आजचा दिवस गेला. काल आणि परवाही गेला. बसलो की उठावेसे वाटते, उठलो की बसावेसे वाटते. सोप्यावरून गोठ्यापर्यंत तीसेक खेपा झाल्या असतील. वत्सला म्हणाली, पाय दुखतील, गळ्याचे बघा.
जेवणानंतर बाबा जवळ येऊन बसले. म्हणाले, ते चार अभंग एकदा माझ्याबरोबर म्हणून ठेव, वेळेला असावेत. मी नम्रपणे सांगितले, माझी वाट वेगळी आहे. ते बरे म्हणाले आणि सुपारी कातरत बसले. कातरून झाल्यावर खाल्ली नाही, डब्यात ठेवली. मला वाईट वाटले. पण कलेत नात्यागोत्याला जागा नाही.

१ ऑगस्ट
आवाजाला विश्रांती म्हणून दिवसभर मौन. घरात सगळे कमालीचे आनंदात होते. कारण समजले नाही.

२ ऑगस्ट, रविवार, सकाळी ९
पदेर पाव घेऊन आला. उंडे घेतले, पण खाल्ले नाहीत, ज्येष्ठमधावर आहे. पाऊस थांबून थांबून पडतो. रेशमी कुडता घातला. बाबांना सांगितले, तुम्ही घरीच पडून राहा, दगदग नको.

दुपारी २.१०
आधीच्या पाराचा गलका इथपर्यंत ऐकू येतो. व्यायाम! आज यांना कळेल. कुडत्याच्या गुंड्या मात्र तीनदा काढून पुन्हा लावल्या. वत्सलेने विचारले, बरे वाटते ना? मी म्हटले, मोठ्या गायकांना हे होतेच.

संध्याकाळी ६
लिहायला हवे. लिहितो.
श्रोते नऊ. त्यात जेवून पेंगणारे चार. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांजांवर दोघे. मी भीमपलास सुरू केला. पखवाजवाल्याने दोनदा माझ्याकडे आणि एकदा देवाकडे पाहिले. झांजवाले माझा ठेका शोधत होते. चौदा मिनिटे झाली. माझ्या मते उत्तम चालले होते. मग मी चढत गेलो आणि हात वर केला.
सगळे थांबले. अगदी कॅसेटीत थांबतात तसे. एवढी शांतता त्या देवळात मी कधी ऐकली नव्हती. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, त्या मोजता आल्या असत्या. पेंगणारे चौघे जागे झाले. एक, दोन, तीन. बाबाजी खुर्चीतून उठले. मी डोळ्यांनीच खूण केली, थांबा. चार, पाच. सहाला मी, अकराची वाट न बघता, तार षड्जासाठी तोंड उघडले.
काहीच आले नाही. तोंड उघडे, आणि नुसती हवा. कुठे होतो तेही आठवेना. ज्येष्ठमधाची चव तेवढी लागत होती.
तेव्हा मागच्या खांबाकडून आवाज आला. बाबा. घरून कधी आले, ठाऊक नाही. खांबाला टेकून बसले होते आणि त्यांनी पहिला अभंग उचलला होता. पखवाजवाला त्यावर असा पडला जणू बुडताना फळी सापडली. बाबांनी चारही अभंग म्हटले, त्याच क्रमाने, चार वाजेपर्यंत. पाठ वाकलेली, छातीचा भाता दिसत होता. पण श्वास कुठे घेत होते ते एकदाही कळू दिले नाही. मी बाजूलाच बसलो होतो, तरीही.
मी ते गाणे लहानपणापासून दरवर्षी ऐकतो. म्हणजे, तिथे असतो. आज पहिल्यांदा ऐकले आणि मला रडू आले. रेशमी कुडत्याला पुसता येत नाही.

३ ऑगस्ट, सोमवार
बारा वाजता नारळ उचलण्याआधी कमिटी बसली. मधुकर पोस्टमनचे म्हणणे, आठ सेकंद आवाज नव्हता, त्याने घड्याळ लावले होते. सप्ताह मोडला, पार काढून घ्या. बाबाजींनी बाबांना विचारले. बाबा उठून देवासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मोडूंक ना. हांव सुरवातीसावन गुणगुणतालों." सुरुवातीपासून, खांबाजवळ, तोंडातल्या तोंडात. बाबाजींनी गाऱ्हाणे घालून नारळ उचलला. पार घरात राहिला.
मला बाबा खोटे बोललेले आठवत नाहीत. तेव्हा एक तर सत्तर वर्षांत पहिल्यांदा ते देवासमोर खोटे बोलले, आणि तेही माझ्यासाठी. नाहीतर खरेच माझ्या पहिल्या सुरापासून गुणगुणत होते, कारण मी कुठेतरी थांबणार हे त्यांना ठाऊक होते. यातले कोणते जास्त वाईट, हे मला ठरवता येत नाही. विचारायचा धीर होत नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार
बाबांची छाती कालपासून शिट्टी वाजवते. वत्सला शेक देते. माझ्याशी बोलत नाही, कोंकणीतसुद्धा नाही.
ऑफिसात कायतानला कॅसेट परत केली. अभिप्राय द्यायचाच होता, म्हणून म्हटले, बाकी राहू दे, दुसऱ्या बाजूचा तो विराम थोर आहे. त्याला कळेना. मी जागा सांगितली. तो एकदम ओशाळला. सॉरी म्हणाला. त्याच्या धाकट्या मुलीने तिथे रेकॉर्डचे बटण दाबले होते. अकरा सेकंद पुसले गेले. मूळ गाण्यात तो माणूस थांबतच नाही.
मी म्हटले, मला तशी शंका आली होतीच.

६ ऑगस्ट
पुढल्या वर्षाची यादी बाबाजींनी आताच देवळात लावली, वाद नको म्हणून. तीन ते चार : धाकू, म्हणजे बाबा. त्याखाली बारीक अक्षरात माझे नाव : शिवदास, झांज.
तसे पाहिले तर झांज हे वाद्य कमी लेखले गेले आहे. लयीचा सगळा भार तिच्यावर. यावर कोणी तरी लिहायला हवे.
संध्याकाळी बाबांना जरा बरे वाटले. उशीला टेकून बसले आणि मला जवळ बोलावले. मी झांजा आणल्या होत्या. ते हळू आवाजात पहिला अभंग म्हणू लागले, मी वाजवू लागलो. तिसऱ्या ओळीला चुकलो. लाज वाटून थांबलो. दाराआडून वत्सला ऐकत होती.
बाबांनी गाणे सोडले नाही. माझ्या मनगटावर हात ठेवून ते वरखाली करत राहिले. ओळ संपल्यावर एवढेच म्हणाले, "चुकलें जाल्यार चुकूं दी. थांबूं नाका."