स्टार्टअप संपला, आता तरी दामिनीच्या बाबांले सांगा

मु. दिघोरी

आदरणीय सेवकराम मामाजींले भाचा अनुपचा सप्रेम जयभीम. आंधळगावच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणते ते कळवा. मामींले विचारलं म्हणून सांगजा. इकडे सारे बरे हायेत, मी सोडून.

फोनवर धानाच्या रोवणीले बाया बुक करून द्यायचा आमचा स्टार्टअप तुमाले ठाऊकच हाये. मागच्या साली तुम्हीच साकोलीले जाऊन माझ्यासाठी दामिनीले मागणी घातली, तवा तिचे बाबा म्हणाले, "अजून सुरूच होऊन राहिला म्हणता, तर पोरगी कशी देऊ? स्टार्टअप संपून कंपनी झाली की या." तवापासून मी हेच विचारत फिरून राहिलो, की तो संपतो कवा. नागपूरचा दोस्त अतुल म्हणे, सरकारी कागदावर दहा वर्षं. (आमाले तीन झाले. दहा होईपर्यंत माझे केस टिकतील काय? आबाजींचे पस्तिशीतच गेले, फोटोत टोपी हाये ती त्याच्यासाठीच.) पार्टनर अश्वजित म्हणे, बोर्ड लागला की झाली कंपनी. बोर्ड लावला. त्यावर कोणीतरी नाटकाचं पोस्टर चिकटवलं, आता लोक आमाले तिकिटं मागतात.

शेवटी रोवणीच्या टोळीच्या मुख्य मंगलाबाईंले विचारलं. बांधीतल्या चिखलात रोपं लावता लावता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "तू नसल्यावर चालते ते कंपनी. बाकी सारा तुया खेळ." मामाजी, मी त्याच दिवशी निघालो. ऐन रोवणीत आठ दिवस नागझिऱ्याकडे राहिलो (वाघ नाही दिसला, पण एक आचारी भेटला, त्याच्या गाडीवर गोंदियालेही जाऊन आलो, ते भेटल्यावर सांगीन). परत आलो तर बुक झालेली एकही बांधी रोवणीविना पडून नव्हती. अश्वजित म्हणे, "तू गेला होता काय?" एवढा आनंद मले दहावी पास झालो तवाही नव्हता झाला, आणि तवा तर तिसऱ्या खेपेले झालो होतो.

तर कंपनी झाली, मामाजी.

तुमचा,
अनुप

ता.क. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले दामिनीचे बाबा आमच्या गावी पाहुणे येऊन राहिले. तुम्ही याच, आणि हे तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगाले गेलो तर मी आठ दिवस गायब होतो एवढंच ते ऐकतात.

दुसरा ता.क. पाकीट चिकटवतच होतो, तर कळलं की दामिनीनं स्वतःच मंगलाबाईंले फोन करून सारी चौकशी केली. बाबांले म्हणाली, कंपनी पक्की हाये, पोरगाच अजून स्टार्टअप हाये. तवा बाबांले राहू द्या, तिलेच समजवा. नाही म्हणाली नाही अजून.