तिने मान खाली घातली

इंदापूर, ९ नोव्हेंबर

तात्या, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि इतक्या वर्षांत या वहीत मी तुमच्याशी एकदाही बोलले नाही, याबद्दल माफ करा. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोजचं सगळं लिहिते. तुम्हालाच टाळत आले.

गेल्या आठवड्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. जुन्या मूकपटांवर त्या काम करतात. माझे आजोबा, म्हणजे तुम्ही, तरुणपणी सिनेमाच्या तंबूत पडद्याशेजारी उभे राहून, चित्रांच्या मध्ये येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या लोकांसाठी मोठ्यानं वाचायचे, हे त्यांना बारामतीत कुणाकडून तरी कळलं होतं. तुम्ही ज्याची गोष्ट सांगायचात तो नावाड्याच्या मुलीचा प्रेमपट आता कुठेच नाही, एक तुकडाही उरलेला नाही. मी बारा वर्षांची असताना तुमच्या तोंडून ऐकून ती गोष्ट लिहून ठेवलीय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, थांबा, पेन घेते. मग त्यांनी विचारलं, "शेवट काय होता?"

ती वही मी ओसरीवर बसून लिहायचे. समोर बारामतीच्या बाजारासाठी तोडलेल्या भेंडीचा ढीग. तुम्ही कोवळी-जून वेगळी करताय आणि मध्येच हातातली भेंडी खाली ठेवून पडद्यावरची बाई होताय. बाप लग्नाला नाही म्हणतो, तिचा माणूस परमुलखात जातो, ती रोज घाटावर येऊन बसते. शेवटी एक नाव येते. तो नावेत उभा राहतो, त्याचे ओठ हलतात, ती मान खाली घालते. संपलं. एकदा तुम्ही सांगितलंत, तो म्हणाला, "चल, तुझा बाप तयार झालाय." मी मागची पानं चाळली. "तात्या, दिवाळीत तुम्ही सांगितलंत की तो म्हणाला, माझं लग्न झालंय. खरं कोणतं?"

"दोनीबी खरं. शेवटची पाटी आमच्याकडं आली तवाच तुटल्याली. मग मीच बोलायचो. नरसिंहपुरात त्येचं लगीन झाल्यालं असायचं. शेळगावात म्होरंच एक नवऱ्यानं टाकल्याली पोर बसली हुती. तिच्यासमोर काय सांगू? आनलं परत त्येला. बाईनं मान खाली घातली की ती लाजली का खचली, ते ज्येचं त्येनं बघावं."

आई आतून म्हणाली, "म्हंजी मामंजी, तुमी तिकीट घिऊन थापा मारत हुता."

"पडदा मुका हुता, सूनबाई. मी न्हवतो." तुम्ही दोघं हसलात.

मी हसले नाही. पाटीवर काय लिहिलं होतं हे ज्याला माहीत नाही त्यानं बोलावंच का, एवढंच मला कळत होतं. "म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत," मी म्हणाले आणि तुमच्यासमोर शेवटच्या पानावर काट मारली. तुम्ही मान खाली घालून भेंडी निवडायला लागलात. त्यानंतर ती गोष्ट तुम्ही कुणालाच सांगितली नाहीत. धाकट्या भावानं हट्ट धरला तेव्हा म्हणालात, "इसरलो बाबा." पुढच्या दोन वर्षांत तुम्ही गेलात.

आणि गेल्या आठवड्यात फोनवर मी त्या बाईंना सांगितलं, तो परत येतो, त्यांचं लग्न होतं. ठामपणे सांगितलं. तुटलेल्या पाटीबद्दल एक अक्षर बोलले नाही. त्या म्हणाल्या, "फार बरं वाटलं ऐकून, लेखात हेच घालते." तुमच्यासमोर ती शेळगावची पोर तरी होती. माझ्यासमोर कुणी नव्हतं. माझ्या वहीत शेवट नाही, एवढं कबूल करणं फक्त जमलं नाही.

आज ते पान काढून पाहिलं. पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर वळ उठलाय. खोटं पकडलं गेलं म्हणून तुम्ही मान खाली घातलीत, असं मी आजवर धरून चालले होते. आता तसं म्हणवत नाही. हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून लिहिते: मान खाली घालताना तुम्ही काहीतरी म्हणाला होतात. मी पान खोडत होते. ऐकलं नाही.

उद्या: सकाळी पुण्याला फोन करून सांगणे, शेवटची पाटी तुटलेली होती.