खिडकीच्या उजेडातला फोटो

अण्णा, आज दुपारी मी भिंग घेऊन एका जुन्या फोटोतल्या मुलीच्या डोळ्यांत उजेड शोधत बसले होते. खिडकीचा उभा चौकोन लगेच सापडला. त्याच्या दुसऱ्या बाजूला खाली एक धूसर पांढरा डाग आहे. तो कशाचा, हे कळायला मात्र वेळ लागला.

तेव्हा मी कॉलेजच्या सुट्टीत घरी शेवगावला आले होते. आपल्या स्टुडिओत ही मुलगी आईबरोबर आली. स्थळाला पाठवायला फोटो हवा होता, आणि गालांवर देवीचे वण. आई म्हणाली, "भाऊ, वण दिसले न्हाई पायजेत." तुम्ही कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंचे दिवे लावलेत, समोरून सारखा उजेड पडला की वणांत सावलीच उरत नाही. एक फोटो झाला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आये, मी काय फोटोतच नांदनार हाय का? दिसू द्या की."

"गप ए, लई शानी!"

तुम्ही हसलात. दिवे मालवलेत, खिडकी उघडलीत, तिला तिरकं बसवलंत. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर सावली, वण एकेक मोजावेत असे. सावली फार काळी पडू नये म्हणून त्या बाजूला धुतलेलं धोतर ताणून धरायला मला सांगितलंत. "समोरून उजेड मारला की चेहरा भाकरीसारखा सपाट होतो," तुम्ही पुटपुटलात.

तो डाग म्हणजे ते धोतर. म्हणजे एका अर्थी मीच.

हे तुम्ही तिच्यासाठी केलंत, की फोटो चांगला येईल म्हणून? मघाशी आरशासमोर टेबललॅम्प फिरवून पाहिला. कानाजवळ नेला की माझं वय दिसतं, समोर आणला की कुणी गुळगुळीत अनोळखी बाई.

फोटो न्यायला तिची आई एकटीच आली. "मुलीनं मागितलाय तोच दे," असं बजावून तुम्ही बाहेर गेला होतात. तिने दोन्ही फोटो निरखले. "तुजी भन असती तर कंचा दिला असता, बाई?" मी समोरच्या उजेडातला पाकिटात घातला.

पुढे लग्न ठरल्याचे पेढे आले. "बघ, वण दिसले तरी जमलं," तुम्ही केवढ्या आनंदाने म्हणालात. मी मान हलवली आणि पेढा खाल्ला. ती कशी नांदली, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

हे लिहिलेलं डायरीतच राहील. खिडकीचा फोटो तेव्हापासून माझ्याच पेटीत आहे, अण्णा.