लावानच्या खोडावरची चोरी

९ जून
पुन्हा सहा रोपं गेली! वरच्या लावान झाडांची तीच रांग. खोडावर तुटक्या मुळांचे पांढरे ओरखडे तेवढे उरलेत. आकड्याच्या काठीने ओरबाडलीत — सुरीने सोडवण्याएवढीही सवड नाही मेल्याला.

प्रयोगशाळेच्या बाटलीतलं नखाएवढं रोप. ते काढायचं, धुवायचं, तीन वर्षं जाळीखाली जपायचं. पाणी सकाळीच — संध्याकाळी घातलं की पानांच्या बेचक्यात साचतं नि गाभा कुजतो. मग पाठीवरून डोंगरात न्यायचं, उगवतीकडच्या खोडावर बांधायचं. माती नको, कुंडी नको. वालिंग-वालिंग ऑर्किडची मुळं उघडीच हवीत, वाऱ्यावर. फूल त्यानंतर तीन-चार वर्षांनी. आणि उपटायला? दोन मिनिटं.

१४ जून
ताताय म्हणतो, "चोरी कसली? डोंगराचं होतं, डोंगरातून नेलं."
माझा बाप हा! तरुणपणी यानेच पोत्यांनी फुलझाडं उतरवली, ट्रक भरभरून. मी जन्मायच्या आधी आख्खा उतार बोडका केला. गाव मला हसतं — "बापाने सोललं, लेक चिकटवतेय!"
हसू दे.

२ जुलै
पाऊस. आणखी चार गेली.

७ जुलै
सापडला! सेन्योच्या झोपडीमागे माझी दोन रोपं टांगलेली, माझा निळा दोरा तसाच. जाळं विणायच्या निळ्या दोऱ्याने बांधणारी या डोंगरात मी एकटी. आणि सेन्यो कोण, तर आमचा वनरक्षक. राखणदारच!
"मानांग मिंगा, वाऱ्याने खाली पडली होती. मुळं दुखावलीत. सावरली की तुमच्याकडेच आणणार होतो."
"आणि बाकीची आठ?"
"मला काय माहीत, मानांग!"
खोटं बोलणारा खाली बघतो. हा सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. निर्ढावलेला.

८ जुलै
गावच्या सभेत सगळं बोलले. आवाज चढला माझा. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन उभी होती, तिच्याकडे बघायचं टाळलं.
गावची प्रमुख कप्तान पुरिता, तिने दोनदा विचारलं, "मिंगा, नक्की ना? नोकरी जाईल त्याची."
म्हटलं, "जाऊ दे."
गेली.

२१ जुलै
सेन्यो बायको-मुलासकट खाली केळीच्या मळ्यात गेला म्हणे, घडांना पिशव्या चढवायला. तिथे विमानातून औषध फवारतात, माणसं खाली असली तरी. असो. दोन आठवड्यांत एकही रोप हललेलं नाही. म्हणजे बरोबरच होते मी!

१९ ऑगस्ट
फुललं! सात वर्षांपूर्वी बाटलीतून काढलेलं. एका दांड्यावर नऊ फुलं — वरच्या पाकळ्या फिकट गुलाबी, खालच्यांवर तांबूस शिरांची जाळी. माझ्या हयातीत या उतारावर फुललेलं हे पहिलं. तिथेच बसून रडले. माकडांखेरीज कुणी पाहिलं नाही.
घरी येऊन तातायला सांगितलं. "कुठल्या झाडावर?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही विचारलं माझ्या कामाचं! नीट खुणेसकट सांगितलं.

२४ ऑगस्ट
सगळं लिहून ठेवते.
बाजाराला निघाले, वाटेत दरड कोसळलेली, भर दुपारी परत फिरले. घराखाली दावाओ शहरातली पांढरी गाडी. सणाला आलेले पाहुणे. ताताय मधोमध खुर्चीत, तोंडात चिरूट, जुने पराक्रम सांगतोय. काळा चष्मा घातलेल्या बाईच्या मांडीवर केळीच्या पानात गुंडाळलेलं — माझं. नऊच्या नऊ फुलं. निळा दोरा लोंबत होता.
"तुमचे वडील म्हणजे खजिना आहेत हो! दर खेपेला देतात, एक पेसोसुद्धा घेत नाहीत."
गाडी गेली.
मग ओरडले. म्हटलं, का?
"जंगलात कोण बघणार त्याला? माकडं?" तो म्हणाला. "हे लोक दोन-दोन तास ऐकतात माझं. तू कधी बसलीस?"
"सेन्योची नोकरी गेली, ताताय! तोंड का नाही उघडलंस?"
"तू आख्ख्या गावाला विचारलंस. मला विचारलंस?"

२५ ऑगस्ट
त्याला भात वाढला. सुकी मासळी भाजून दिली. काटेसुद्धा काढून दिले. एक्याऐंशीचा आहे. मी जेवले नाही.

२९ ऑगस्ट
केळीच्या मळ्यावर जायला निघाले. फाट्यापर्यंत गेले. भाड्याची जीप आली. बसले नाही.

३ सप्टेंबर
कप्तान पुरिता वाटेत भेटली. नवा रक्षक नेमायचाय. "सेन्योची बायको रोज निरोप धाडतेय — लेकराला खोकला लागलाय, परत घ्या म्हणते. घेऊ का गं? का चोर तोच होता?"
"तोच," मी म्हटलं.