बासच्या तोंडाचं माप

चि. धाकट्यास,

दादाचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण दोन वर्षांत तू काही कळवलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पाठ कशी आहे तुझी? शिलाईच्या मशीनवर एवढा वाकून बसू नकोस असं मी तुला वीस वर्षं सांगत आलो, तिथल्या दुकानात कोणी सांगतं की नाही कोण जाणे. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, पण मशीनचं पायडल मारण्यापुरता चालतो. तुझ्या वहिनीची तब्येत उत्तम आहे आणि बोलणंही.

पत्राचं कारण असं, की बास मासा धरायच्या आमिषाचं माप काय असावं, हा आपला वाद मी एकदाचा निकालात काढायचं ठरवलं. (जुनं उकरून काढायचं म्हणून नव्हे. ते नीट पुरलं तरी कुठे होतं?) तो रविवार तुला आठवतच असेल. तळ्यावर तू बोटाएवढा रबरी मासा आमिष म्हणून लावलास. मी म्हणालो, एवढ्याशा आमिषाला एवढासाच गळ असतो, त्यावर मोठा बास टिकायचा नाही. आणि तुझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा बास काठापासून हातभर अंतरावर येऊन सुटला. पुढे महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ती हकीकत सांगितली, तुझ्या आमिषाचं माप चिमटीत धरून दाखवत. तू एकदाही उलट बोलला नाहीस. मग एका सकाळी तू आपली कात्री कागदात गुंडाळलीस आणि गेलास. शिंप्याने कात्री गुंडाळली की काय समजायचं ते मला समजायला हवं होतं. मला वाटलं, धार लावायला नेतोयस.

तर प्रयोगाचं सांगतो. कुठलंही काम मापापासून सुरू होतं, म्हणून मी आधी गिऱ्हाइकाचं, म्हणजे माशाचं माप घ्यायला बाजारात गेलो. मासेवालीकडे एक दांडगा बास होता. गळ्यातली टेप काढली, त्याचा जबडा उघडला आणि आडवं, उभं आणि ओठापासून घशापर्यंत अशी तीन मापं घेऊन वहीत लिहिली. (कमरही घेतली. हात थांबत नाही.) मासेवालीने विचारलं, मास्तर, सदरा शिवताय का त्याला? माप घेताना मी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. तोंड साडेचार इंच भरलं. अंगाबरोबर शिवलेला कपडा मी कधी कुणाला दिला नाही, दोन बोटं सैल ठेवायची ही आपली रीत, म्हणून त्यात दीड इंच वाढवला. सहा इंची आमिष, हे असं हिशेबाने ठरलं.

गळ-काठ्यांच्या दुकानात गेलो तर तिथला दुकानदार वेगळेच प्रश्न विचारायला लागला. तळ्याचं पाणी सध्या नितळ आहे की गढूळ? थंड आहे की तापलेलं? काठाला कुठली बारीक मासळी फिरते आणि ती केवढी आहे? मी वही पुढे केली. त्याने ती शांतपणे वाचली (कमरेपाशी जरा थांबला) आणि म्हणाला, काका, तोंडात काय मावतं याला अर्थ नाही, तो सध्या काय खातोय ते बघायचं. पाणी गढूळ असलं, दिवस उन्हाचे असले तर सहा इंची खुशाल लावा, मोठ्या आमिषाला मासे कमी पण मोठे लागतात. आता पाणी नितळ आणि गार आहे, काठाला पिल्लं बोटाएवढी आहेत, तर आमिषही बोटाएवढंच न्या. हे सगळं त्या रविवारी तू जसंच्या तसं सांगितलं होतंस, त्यामुळे तो माणूस मला पहिल्यापासूनच आवडला नाही. मी सहा इंची घेतलं. दोन रंगांत घेतलं.

गेल्या रविवारी आम्ही दोघं तळ्यावर गेलो. तुझ्या वहिनीने तुझा तो बारीक आमिषांचा डबा बरोबर घेतला, पडून गंजतोय म्हणाली. माझं आमिष पहिल्यांदा पाण्यात पडलं तेव्हा बादली पडल्यासारखा आवाज झाला आणि समोरची बदकं उडून गेली. त्यानंतर दोन बास मागोमाग आले, त्यांनी ते सगळीकडून निरखलं आणि गेले. काचेपलीकडचा कोट बघून पुढे जाणारी माणसं तू पाहिली आहेस, अगदी तसे. मी दुसरा रंग लावला. दुपारपर्यंत मला एक बास लागला. तो स्वतः सात इंच होता. आमिष आणि तो असे शेजारीशेजारी लटकत होते, की तुझी वहिनी म्हणाली, यातला धाकटा कोणता? तोवर तिने तुझ्या डब्यातल्या आमिषांवर पाच धरून परत पाण्यात सोडले होते. ती नुसती गुणगुणत होती, आणि ते मला जास्त लागलं.

एकंदरीत वाद बरोबरीत सुटला असं माझं मत आहे. प्रकृतीस जपावे.

तुझा,
दादा

ता.क. बरोबरीत नाही. तुझं बरोबर होतं.

ता.क. दुसरा. संध्याकाळी मीही तुझ्या डब्यातलं एक बोटभर आमिष लावलं. मोठा बास लागला, काठाशी आला आणि सुटला. दोरा ओढून पाहिला तर टोक तुटलेलं नव्हतं, वेटोळं झालेलं होतं. दुकानदार म्हणतो, तुटलेल्या दोऱ्याचं टोक सरळ असतं, वेटोळं झालं म्हणजे गाठ सरकली. गाठ मी आपली बटणाचीच मारली होती, दोन वेढे, ओढ, दाताने तोड. सुती दोऱ्यावर ती सदरा फाटेपर्यंत सुटत नाही, या गुळगुळीत नायलॉनवर सरकते. त्या रविवारी तुझा चष्मा घरी राहिला होता. तुझ्या आमिषाची गाठ मीच बांधून दिली होती. म्हणजे आमिषाचा दोष नव्हता, गळाचा नव्हता आणि तुझाही नव्हता. माझं चुकलं.

ता.क. तिसरा. खरं काम हेच. येत्या रविवारी तळ्यावर ये, मला नीट गाठ शिकव. तुझ्या मशीनला तेल घातलं आहे. त्यावर कुणालाही बसू दिलेलं नाही.

भावजी, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी लिहिते. माझे पाच मासे खरे. संध्याकाळी ह्यांचा मोठा मासा सुटला वगैरे काही झालं नाही, आम्ही दुपारीच घरी आलो. तो वेटोळं झालेला दोरा त्या रविवारच्या तुमच्या गळाच्या काठीचा आहे. त्या दिवशी काठी ह्यांनीच गुंडाळली होती. दोन वर्षं तो ह्यांनी बटणांच्या डब्यात लपवला होता, परवा मला सापडला, तेव्हा कुठे खरं बोलले. गिऱ्हाइकांना आपली चूक तुम्ही समोर असतानाच सांगणार म्हणतात. या. चष्मा विसरू नका.