धोंडीबा गव्हाणेचा पुकारा

५ जानेवारी २०२५, रविवार

आले बाई एकदाची पुनावळ्याला. गणराज न्यायला आला होता. लेक म्हणून सांगत नाही, पण गाडी इतकी हळू चालवली की बैलगाडीनं लवकर पोचलो असतो. सारखं आपलं, आई मळमळतंय का, आई थांबवू का. मला कसलं मळमळतंय, मी खिडकीबाहेर बघण्यात गुंग.

चौदावा मजला आहे. गॅलरीत उभं राहिलं की हायवेवरचे ट्रक काडेपेटीएवढे दिसतात. लिफ्टमध्ये आरसा आहे. त्यात बघून पदर नीट केला तर शेजारची कुत्रेवाली बाई म्हणाली, आजी छान दिसताय. दिसणारच, लुगडं नवं आहे.

ही वही सूनबाईनं, म्हणजे योगिनीनं दिली. म्हणाली, दुपारी करमत नसेल तर लिहा काहीतरी. माझी शाळा चौथीपर्यंत. पण आमचे हे तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते, त्यांच्यामुळे कागद वाचायची सवय लागली. ते जाऊन आता वर्ष होईल. गावात एकटीनं दोन भाकरी थापायचा कंटाळा यायचा. इथं नातू आहे, प्रज्वल. तो माझी भाकरी पिझ्झासारखी कापून खातो. खाऊ दे.

८ जानेवारी, बुधवार

योगिनी घरूनच काम करते. मला आधी वाटलं, पोरगी दिवसभर सिनेमे बघते. तसं नाही. चाकणच्या कंपन्यांत ठेकेदार जी पोरं भरतात, त्यांच्या नावावर पोलीस केस, कोर्ट, तुरुंग असलं काही आहे का, ते हिची कंपनी शोधून देते. कोर्टाचं सगळं आता उघडं असतं म्हणे. नाव घातलं की केस समोर. ह्यांनी जन्मभर ज्या फायलींची गाठोडी उचलून कंबर मोडून घेतली, ती आता बोटाच्या टोकावर.

पण आमच्या डोंगरपट्ट्यातलं पोरगं आलं की हिचं घोडं अडतं. तिकडचे जुने कागद हातानं लिहिलेले, कडा वाळवीनं खाल्लेल्या, त्यांचे फोटो काढून चढवलेत. हिला ते अक्षर लागत नाही. मला लागतं. त्या कारकुनांच्या हातचा चहासुद्धा प्यायलेय मी.

शिवाय पोलीस पाटलांना फोन करायचा असतो. ही म्हणते, हॅलो सर, व्हेरिफिकेशनसाठी कॉल केलाय. तो फोन ठेवून देतो. आज मी घेतला. म्हटलं, काय सोपानराव, म्हैस व्याली का. मग काय, गावात कुणी कुणाचा बांध कोरला तिथपर्यंत सगळं सांगितलं त्यानं. योगिनी तोंडावर हात ठेवून हसत होती.

११ जानेवारी, शनिवार

मला खुर्ची दिली आहे. चाकांची. प्रज्वल मला त्यावर बसवून हॉलभर फिरवतो.

योगिनीच्या साहेबानं कॉम्प्युटरमधून नमस्कार केला, म्हणाला, आजी, डोंगरातली अडलेली नावं तुमच्यामुळे निकाली निघाली. मी म्हटलं, निघणारच. रात्री गणराजला सांगितलं तर तो म्हणाला, आई, आता पगार माग. गंमत करतो मेला. पण खरं सांगते, ह्यांच्या मागं मला कुणी काही विचारतच नव्हतं. आता दिवसातून दहादा हाक येते, आई, हे बघा ना. अंगावर मूठभर मांस चढलंय.

१४ जानेवारी, संक्रांत

खाली क्लबहाउसात हळदीकुंकू होतं. मला कुणी येऊ नका म्हणालं नाही. चला असंही कुणी म्हणालं नाही. योगिनी नटूनथटून गेली आणि मी मुकाट खुर्चीत येऊन बसले.

एकच नाव राहिलं होतं. धोंडीबा सयाजी गव्हाणे. आमच्या गावापासून दोन टेकड्या पलीकडचा. चाकणला फोर्कलिफ्ट चालवायला लागणार होता. जुन्या कागदांत शोधलं आणि सापडला की. खून. जन्मठेप. मग रजेवर सुटला, मुदतीत परत आला नाही, फरार. साल लिहिलेली कड तेवढी वाळवीनं खाल्लेली. इतके दिवस सगळी पोरं स्वच्छ निघत होती, फार तर यात्रेतली मारामारी. आज खरा मासा गळाला लागला.

योगिनी वाण ठेवायला वर आली, तिचा अर्धा जीव खाली. म्हणाली, नक्की हाच ना आई? सोपानरावांना विचारायचं का? मी म्हटलं, कशाला? गाव तेच, बापाचं नाव तेच. आणि धोंडीबा हे नाव ह्या काळात आणखी कुणाचं असणार? तिनं त्याच्या नावापुढं लाल खूण केली आणि गेली.

मग प्रज्वल म्हणाला, आजोबा कोर्टात कसे ओरडायचे ते करून दाखव. मलाही उत्साह. गॅलरीत उभी राहिले, कंबरेवर हात ठेवला आणि ह्यांच्यासारखा खडा पुकारा दिला. धोंडीबा सयाजी गव्हाणे, हाजीर हो. रीतीप्रमाणे तीन वेळा. पोरगं हसून लोळलं.

कुणीतरी ओ दिली. खालचा कुणी असेल.

आता लिहिताना आठवलं. हे घरात कधी पुकारा द्यायचे नाहीत. मी कितीदा थट्टेनं म्हटलं तरी नाही. म्हणायचे, फरार माणसाचं नाव कोर्टाच्या दारातच घ्यावं. तिथं तो आला तर त्याला धरायला माणसं असतात.

१६ जानेवारी, गुरुवार

दुसऱ्या एका नावासाठी सोपानरावांना फोन केला होता. बोलता बोलता धोंडीबाचं विचारलं. तर ते हसायला लागले. म्हणाले, वहिनी, तो आजा. हा नातू. आजा जाऊन पन्नास वर्षं व्हत आली.

आज्याविरुद्ध यशोदाबाई नावाच्या म्हातारीनं साक्ष दिली होती, लहानशाच चोरीची. ते त्याच्या डोक्यात राहिलं. त्यानं तिला घरात शिरून दोरीनं मारलं. त्यासाठी जन्मठेप. पुढं रजेवर आला, डोंगरात गेला, तो गेलाच. प्रेत नाही, दहावं नाही, काही नाही. मग नातू झाला तेव्हा त्याचंच नाव ठेवलं, म्हाताऱ्याचा आत्मा भटकू नये म्हणून.

मला कळायला नको? आज्याचं नाव नातवाला, हे आमच्याकडं घरोघर. धोंडीबाचा सयाजी, सयाजीचा धोंडीबा. प्रज्वलच्या बारशाला मी भांडले होते ह्याच्यावरून. योगिनी शहरातली, तिला काय माहीत. पण मला ठाऊक होतं. एक फोन करायचा होता. मासा सापडला म्हणून मीच नाचत होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

योगिनीला सांगितलं. तिचं तोंड पांढरं पडलं. लाल खूण सगळ्या ठेकेदारांकडं जाते म्हणे, आता त्याला चाकणच्या पट्ट्यात कुठंच गेटपास मिळणार नाही. चूक कबूल केली तर साहेब विचारणार की शहानिशा कुणी केली. म्हणजे कुणीच नाही, सासूच्या शब्दावर खूण केली असं सांगायचं. तिची नोकरी जाईल. म्हणाली, आई, मार्चमध्ये पगारवाढ होईपर्यंत थांबू, मग हळूच काढते.

मी बरं म्हटलं.

पोराचं वय तेवीस. फोटो आहे. कान मोठे आहेत.

२० जानेवारी, सोमवार

योगिनी अंघोळीला गेली होती, तिचा फोन वाजला. तोच. ठेकेदाराकडून नंबर मिळवलेला. गरीब बोलणं. म्हणाला, मॅडम, मी म्हाताऱ्याला बघितलंसुद्धा नाही, नाव तेवढं लावलंय मला. महाळुंग्याला खोली घेतली आहे. लग्न ठरलं होतं, मुलीच्या मामानं ऐकलं, आता ते लोक फोन उचलत नाहीत. तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी, एवढं करा.

मी म्हटलं, मॅडम घर पे नहीं है, मैं कामवाली है.

तो म्हणाला, बरं आजी. मराठीतच म्हणाला.

जेवण गेलं नाही. प्रज्वलनं विचारलं तर दात दुखतोय म्हणून सांगितलं.

२३ जानेवारी, गुरुवार

सोपानरावांचा फोन. पोराची आई महाळुंग्याला येऊन राहिली आहे, तिनं त्यांना सांगितलं. संक्रांतीच्या संध्याकाळी पोरगं जेवत होतं. मध्येच ताठ झालं आणि मोठ्यानं ओ दिली. कुणी हाक मारली नव्हती. दोन दिवस गप्प होतं. कालपासून चप्पल घालत नाही. वाकून चालतं. आईकडं तंबाखू मागितली, ह्या पोरानं सुपारीसुद्धा कधी खाल्ली नव्हती. आणि आईला सूनबाई म्हणतं.

दिवसभर उकिडवं बसून पोत्याचे धागे वळत बसतं म्हणे.

सोपानराव म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय, हातची नोकरी गेल्यामुळं. मी हो म्हटलं. पुकाऱ्याचं बोलले नाही. कुणाला बोलू?

२४ जानेवारी, शुक्रवार

योगिनीच्या हाता-पाया पडले. म्हटलं आजच काढ ती खूण, माझं नाव सांग, म्हातारीला दिसत नव्हतं म्हण. ती रडली. पण लिहिलं तिनं साहेबाला. उत्तर नाही.

मग मीच पोराला फोन लावला. माफी मागायला. उचलला. आधी नुसता श्वास. मग आवाज आला तो त्याचा नव्हता. जाडा, खोकल्यातून आलेला. म्हणाला, यशोदे, अजून जित्ती हायस व्हय.

मी म्हटलं, मी यशोदा नव्हे. तो हसला. म्हणाला, साक्ष तूच दिली, हाकबी तूच मारली. मग तूच की.

आणि मग एकदम त्याच श्वासात पोराचा आवाज. आजी फोन ठेवा, आजी मला—

कट झाला.

२५ जानेवारी

विचार केला. पन्नास वर्षं तो कुठं होता कुणास ठाऊक. अंग नव्हतं त्याला. मी त्याला नाव घेऊन बोलावलं, आणि त्या नावाचं एक अंग मीच दाखवून दिलं. हाच तो, नक्की हाच, म्हणाले ना मी. खून, जन्मठेप, सगळं पोराच्या अंगावर चढवलं. त्याला फक्त आत शिरायचं राहिलं होतं.

गणराजला सांगितलं तर तो पोलिसांत जाईल. पोलीस कुणाला धरतील? पोरालाच.

२७ जानेवारी, सोमवार

गेटवरचा युनूस. खालून फोन केला. आजी, धोंडीबा गव्हाणे नावाचा पोरगा आलाय, सोडू का. मी नाही म्हटलं. कसा दिसतो विचारलं. युनूस म्हणाला, पोरगा आहे पण उभा म्हाताऱ्यासारखा राहतो. पायात काही नाही. उद्या येतो म्हणून गेला. आणि हातात—

नको लिहायला.

साहेबाचं उत्तर आलं. तपासतो म्हणाला. किती दिवस ते नाही सांगितलं.

२८ जानेवारी. दुपार

घरी कोणी नाही. बरं आहे. प्रज्वल शाळेत, गणराज कामावर, योगिनीला आज साहेबानं ऑफिसात बोलावलंय.

युनूसचा फोन आला नाही. तरी लिफ्टचा आवाज—

आमच्या मजल्यावर थांबली.

अनवाणी पाय. फरशीवर चिकटत येतात तसे. दारापाशी.

बेल नाही. कडी हलवतोय. गावाकडच्यासारखी.

पोराचा आवाज. आजी उघडू नका. आजी, मला धरवत नाही त्याला. रडतोय तो. मग तो दुसरा हसतो. एकाच तोंडातून.

सुरक्षारक्षकांना बोलवायचं बटण आहे. दाबलं तर पोराला खाली नेऊन मारतील. जिवंत धरलं तर त्याच्यावर नवी केस. खरीखुरी. मग कुठली सून कुठला साहेब ती खूण काढणार.

कडी सुटायला आली.

म्हणून लिहिते. कोणी वाचेल त्यानं पोलिसांना दाखवा. गणराज, तू दाखव. माझी साक्ष आहे ही. शुद्धीवर देते. चौथी शिकलेली आहे, सही येते मला.

पहिली साक्ष खोटी दिली. ही खरी.

दारात आहे तो पोरगा नव्हे. हात त्याचे असतील, ठसे त्याचेच निघतील. तरी तो नव्हे. तेवीस वर्षांचा. कान मोठे. फोर्कलिफ्ट चालवतो. लग्न ठरलंय त्याचं. त्याच्या नावावर लावू नका. दोघांचं नाव एकच आहे, म्हणून तुम्ही पुन्हा तीच चूक— लिहून घ्या, आरोपी धोंडीबा सयाजी गव्हाणे, आजा, नातू नव्हे. नातू माझ्यासाठी रडत होता, मी ऐकलं, नातू नव्